बत्तीस मीटर

सुयोग अपूर्वाशी पहिल्यांदा बोलला ते दोनच शब्द — "टॉर्च धरा."

तिने धरली. प्रेमकथांना याहून बऱ्या सुरुवाती असतात, मान्य. पण कांदिवलीतल्या आमच्या इमारतीत जिन्याखालच्या मीटरखोलीत बल्बच नव्हता. विजेच्या मीटरांनी अंधारात राहावं, याचं कुणाला काही वाटत नसे. असे दिवस होते ते!

अपूर्वाचे वडील दशरथ परब सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून किल्ली तिच्याकडे. सुयोग वीज कंपनीचा मीटर रीडर. दर महिन्याला तो बत्तीस मीटरांचे आकडे मोठ्याने वाचायचा, ती वहीत लिहून घ्यायची.

"चार... शून्य... सात... आज केसांना काय लावलंयस?"

"हे कुणाच्या मीटरचं रीडिंग?"

"माझ्याच."

याला पाऊण तास लागे. मे महिन्यातसुद्धा. दोघं घामाने निथळत बाहेर येत, आणि चेहरे असे, की जणू माथेरानहून उतरलेत.

मग नोटीस लागली. जुन्या केबल आणि मीटर निघणार. नवे स्मार्ट मीटर आपले आकडे आपणच कंपनीला कळवणार. समजवायला कंपनीने पाठवलं कुणाला? सुयोगलाच.

"पैसे कोण देणार?" सभेत काशीरामकाकांनी विचारलं.

"थोडे सरकार, बाकी कंपनी."

"म्हणजे दोन्हीकडून आम्हीच!"

पण सगळ्यांत वरचा आवाज अपूर्वाचा. "आणि सुरक्षेचं काय? कुणी परदेशात बसून आमची वीज घालवली तर? आम्ही गावाला गेलोय हे युनिटवरून चोराला कळलं तर?"

"प्रश्न बरोबर आहेत," सुयोग म्हणाला. "कंपनीकडून लेखी हमी मागा. पण मागच्या आठवड्यात केबल जळली, राधाकाकू तासभर लिफ्टमध्ये अडकल्या. पुढच्या वेळी आग लागेल."

कमिटीची मतं समसमान पडली. अपूर्वाही कमिटीवर; उरलं तिचंच मत. "दहा मिनिटं द्या," म्हणत ती तडक मीटरखोलीत. मागोमाग तो.

"तू तरी विरोध करायचास ना रे! तुझंच काम जातंय."

"मला केबलच्या कामावर घेतायत. मुलुंडला."

"म्हणजे... इथे यायचं कारण संपलं."

"एक सांगू?" तो म्हणाला. "दोन वर्षांपासून आम्ही मीटरचा नुसता फोटो काढतो. सात मिनिटांचं काम. आकडे वाचायचेच नसतात."

"आणि मी वह्या भरल्या त्या?"

"...अक्षर छान आहे तुझं."

ती हसली, मग डोळे पुसले. "मार्चमध्ये किल्ली हरवली नव्हती. तू पुन्हा यावास म्हणून लपवली. अख्ख्या इमारतीला अंदाजे बिल आलं... काशीरामकाका अजून शिव्या देतात."

वर जाऊन तिने नव्या मीटरांच्या बाजूने मत दिलं. लेखी हमीच्या अटीवर.

आता त्या खोलीत हिरवे दिवे आपापसात लुकलुकतात. कुणी येत नाही, कुणी थांबत नाही. बिलं मात्र अचूक येतात. त्याचं दुःख वेगळं.

मीटर बदलले त्याच रविवारी परबांची बेल वाजली. दारात सुयोग, इस्त्रीच्या शर्टात.

"आज काय काम काढलंत?" दशरथरावांनी विचारलं.

"काम... काही नाही, काका. अपूर्वासाठी आलोय."

दशरथरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत वळून हाक मारली, "अपूर्वा, चहा टाक गं... थांब, नको. तू बाहेर ये. चहा मी टाकतो."