निनावी फॉर्म

सकाळी आठलाच शाळेतून फोन आला. महिन्याभरात बेपत्ता झालेलं हे तिसरं मूल. या खेपेला दहावीतली मुलगी.

आधीची दोन मुलं टोळीत गेली होती. एक चाकूसकट सापडला, दुसरा थेट शवागारात.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा मुलीची मावशी फाटकापाशीच उभी होती.

"आईबाप नाहीत तिला. मी दोन पाळ्या करते. तिच्याशी धड बोलणंही होत नाही."

शाळेतल्या समुपदेशक दोनच महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या. "मुलं टोळ्यांकडे का ओढली जातात, हे समजावं म्हणून आल्या आल्या फॉर्म भरून घेतले. घरी मार बसतो का, मित्र आहेत का, असं. सगळे निनावी."

"ठेवता कुठे?"

"या कपाटात. एक किल्ली शिपायाकडे असते. उत्तरांच्या मोजणीला भाषेच्या सरांनी मदत केली होती."

फौजदारबाईंनी गठ्ठा चाळला. शेवटचा प्रश्न होता : घरी परतला नाहीस, तर शोधायला कोण येईल? पाच फॉर्मांवर एकच उत्तर. 'कोणी नाही.' प्रत्येकाशेजारी पेन्सिलीचं बारीक टिंब.

शिपाई म्हणाला, "मला कुठे वाचता येतं, बाई? झाडण्यापुरती किल्ली."

भाषेचे सर हळहळले. "गुणी पोर. वह्या तपासताना तिचं अक्षर बघत राहावंसं वाटायचं."

दुपारी फौजदारबाईंनी तिघांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं.

"टिंबं मारलेल्या पाचांपैकी तिघं गेली, त्यांच्या वह्यांशी अक्षर मी ताडून पाहिलं. फॉर्मवर नाव नाही, तरी ती नेमकी हेरली गेली. म्हणजे कोणीतरी अक्षर ओळखलं. शिपाई वाचू शकत नाही. समुपदेशकबाई तेव्हा नुकत्या आलेल्या. त्यांना कुणाचंच अक्षर ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं वह्या तपासणारे उरले एकच."



"माझ्या मुलाला टोळीनं डांबलंय," सर अखेर म्हणाले. "एकटी पडलेली पोरं दाखवा, मगच सोडू म्हणाले."

"निरोप कोण आणायचं?"

"तोच फोन करायचा. रडायचा."

सरांनी पत्ता दिला. नदीपलीकडचं गोदाम. बाईंनी भोवती पोलीस पेरले आणि दार ठोठावलं.

दार सरांच्या मुलानंच उघडलं. अंगात नवं जाकीट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मागे खाटेवर ती मुलगी बसली होती.

"बाबांनी पत्ता सांगितला ना?" तो शांतपणे म्हणाला. "मला कोणी डांबलं नव्हतं. आठवडाभर मी घरी नव्हतो, शोधायला कोणी आलं नाही. पहिला फोन मलाच करावा लागला, तेव्हा त्यांना कळलं."