दुसरी खाच

मंजूने इस्त्रीचा टेबल घ्यायचं ठरवलं तेव्हा शेजारच्या शीलाला हसू आवरेना. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात इस्त्री म्हणजे पलंगावर कांबळं अंथरायचं, नाही तर जमिनीवर फतकल मारायची. त्यासाठी वेगळा टेबल मांडायचा ही शीलाच्या मते मास्तरणीची थेरं होती.

पण थेरं करण्याइतकी उसंत मंजूला होतीच कुठे? दिवाळीनंतर तिची माय, लीलाबाई, मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. गोंदियाला ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर पंधरा दिवसांत माकडहाडावर बोराएवढी जखम झाली. घरात या दोघीच. मंजू सकाळी दहाला किरनापूरच्या शाळेत गणित शिकवायला जायची ती पाचला परतायची. एक वाजता शीला आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून लीलाबाईला दोन घास भरवायची, एवढाच काय तो आधार.

ड्रेसिंगला येणाऱ्या महेंद्रने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "मॅडम, दवाई आपल्या जागी. पन चादरीत एक सळ राह्यली नाई पायजे. सळ टोचते आन् जखम खोल जाते. हाडापर्यंत गेली तं मंग माह्या हाती काई नाई."

त्या दिवसापासून मंजू सळांची वैरीण झाली. दिवसाला तीन चादरी बदलायच्या, धुवायच्या, आणि जमिनीवर वाकून इस्त्री करायच्या. एक टोक गुळगुळीत होईपर्यंत दुसरं टोक गुडघ्याखाली चुरगळलेलं असायचं. आठवड्यात तिचीच कंबर धरली. मायच्या आधी आपणच आडवे होऊ, अशी तिला धास्ती पडली.

काली पुतली चौकाजवळच्या दुकानात ती पर्समधून मोजपट्टी काढून उभी राहिली. फळ्यांचे टेबल तिने पहिल्याच फेरीत बाद केले, वाफेने फुगणार म्हणून. जाळीचा, चार फूट लांब, कोपराने दाबलं तरी न डुगडुगणारा, असा एकच उरला. त्याच्या पायांना उंची बदलायला सात खाचा होत्या. टेबल आपल्या कोपराच्या चार बोटं खाली हवा, म्हणजे कंबर वाकत नाही, हे तिने वाचून ठेवलं होतं. सहावी खाच तिला अगदी बेताची बसली. दुकानदार रजत म्हणाला, "मॅडम, आप पहली हो जो नाप के ले रही हो." मंजूला ते कौतुकच वाटलं.

टेबलाने खरंच जादू केली. मागच्या खोलीत खिडकीशी तो मांडला, घसरणारं टोक झेलायला बाजूला खुर्ची ठेवली. चादरीवर पाणी शिंपडून गुंडाळी करायची, दहा मिनिटांनी उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची, आधी कडा, मग मधला भाग. तिची कंबर सुटली. चादर अशी निघायची की हात फिरवताना मंजूला बरं वाटायचं.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती शाळेतून आली तर टेबल खाली बसला होता. खटका सुटला असेल म्हणून तिने तो पुन्हा सहाव्या खाचेवर चढवला. दुसऱ्या दिवशी तो परत खाली, दुसऱ्या खाचेवर. आणि सकाळी ओलसर गुंडाळी करून ठेवलेल्या दोन्ही चादरी इस्त्री होऊन, चौपदरी घडी घालून खुर्चीवर ठेवलेल्या.

मंजूने शीलाचे आभार मानले. शीला तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "माह्याच घरचे कपडे बिनाप्रेसचे पडून राह्यतेत, ताई. तुमचे कोन करन?"

ते खरंही होतं. शिवाय शीला बांबूसारखी उंच. मंजूने मोजपट्टी काढली. दुसरी खाच जमिनीपासून सव्वीस इंच. त्यात चार बोटं मिळवली की कोपर आलं, कोपरावरून माणसाची उंची आली. हिशेब तिने दोनदा केला. उत्तर दोन्ही वेळा चार फूटच आलं.

तिने कडीकोयंडे तपासले. इस्त्री कपाटात कुलूपबंद केली. चादरी तरीही तयारच. मग इस्त्रीचा एलिमेंटच जळाला आणि ती चार दिवस वारासिवनीला दुरुस्तीला गेली. त्या चार दिवसांतही चादरींना एक सळ नव्हती. उजेडाकडे धरल्यावर मात्र कापडावर चकाकीचे वळसे दिसले, गोल. इस्त्रीच्या टोकाची खूण कुठेच नव्हती.

"माय, पहिले कपडे कायनं प्रेस करत?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लोट्यात निखारे भरून," लीलाबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

लीलाबाईच्या माहेरचा, बिरसा गावचा पितळी लोटा माळ्यावर होता. मंजूने स्टुलावर चढून तो काढला. काठावर वर्षांची धूळ बसली होती. बूड मात्र लख्ख होतं. घरात गॅसशिवाय चूल नव्हती, कोळसा तर नव्हताच. आता मात्र मंजूची पाचावर धारण बसली. महेंद्र म्हणत होता की जखम भरू लागली आहे, आणि तिला आनंद करावा की दार लावून पळावं ते समजेना.

एका बुधवारी ती अर्धी रजा टाकून दोनच्या बसने परतली. अंगणातच तिला पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मग टेबल करकरला. आत माय हळू आवाजात काहीतरी बोलत होती, लहान लेकराशी बोलावं तसं.

मंजूने दार उघडलं.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. टेबल दुसऱ्या खाचेवर होता. त्यावर तळहात ठेवला तर जाळी गरम लागली.

पुढच्या खोलीत लीलाबाई कुशीवर होती. तिला स्वतःहून कूस बदलता येत नसे. तिच्या अंगाखाली ताजी चादर होती, ताणून घातलेली, चारी कोपरे गादीखाली खोचलेली. निजलेल्या माणसाखालची चादर अशी बदलायला दोघं लागतात; एकट्या मंजूच्या हातून चारी कोपरे कधी एवढे ताणून बसले नव्हते. एकाने कूस वळवायची, दुसऱ्याने ओढायची.

"माय, कोन होतं?"

लीलाबाई भिंतीकडे पाहत म्हणाली, "टेबल वर काहून चढवून राह्यली तू रोज? राहू दे खालीच. मले सळ टोचत नाई आता, तेवढं पाह्य."

मंजूने तेवढंच पाहिलं. त्या संध्याकाळपासून तिने चौकशी सोडली. सकाळी निघताना ती स्वतः टेबल दुसऱ्या खाचेवर आणून ठेवू लागली.

होळीच्या आधी जखम पूर्ण भरली. महेंद्रने शेवटची पट्टी काढली, गुलाबी कातडीवर बोट फिरवलं आणि म्हणाला की अशी जखम घरी भरलेली त्याने पाहिली नव्हती. मंजूचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरात जाऊन ती पोटभर रडली, मग शिरा केला. वैशाखात लीलाबाई वॉकर धरून अंगणापर्यंत गेली. त्याच सुमारास चादरी आपोआप इस्त्री होणं थांबलं. मंजूला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्याचुकल्यासारखंही. निघताना टेबल दुसऱ्या खाचेवर ठेवायचा तिचा नेम मात्र चालू राहिला. उपकाराची जाण म्हणून असेल, सवय म्हणून असेल.

पुन्हा दिवाळी आली, गेली. एका संध्याकाळी मंजू शाळेतून आली. खुर्चीवर एकच चादर होती, चौपदरी घडीची, कोमट. ती तिच्या स्वतःच्या अंथरुणावरची होती.

टेबल तिसऱ्या खाचेवर होता.

तिने दोनदा मोजलं. मागून वॉकरची टकटक आली. लीलाबाई दारात येऊन उभी राहिली, टेबलाकडे बघून तिला हसू आलं.

"वर्ष झालं नं आता," ती म्हणाली. "लेकरू वाढतेच."

मंजूची खाच सहावी होती. मधे दोनच उरल्या होत्या.