लाल दारावरचं नाव

"गुडघे कानाला लागतायत की तुझे! सीट मागे घे ना..."

टेगन गाडीतून उतरली, म्हणजे हळूहळू उलगडली. सव्वासहा फुटी बाई दिसली की लोक हमखास विचारतात, वरती हवा कशी आहे? तिच्या गुडघ्यांची काळजी करणारा हा आल्डो पहिलाच.

"ही गाडी वापरणारी आधीची मुलगी बुटकी होती," ती म्हणाली. "आणि मी तरी इथे किती दिवस..."

आल्डो नुसता हसला. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेतल्या टाउन्सव्हिलचा बास्केटबॉल क्लब खेळाडूंना फिरायला गाड्या द्यायचा. दारांवर त्यांची नावं चिकटवायची आणि करार संपला की सोलून काढायची, हे आल्डोचं काम. लाल दारावर त्याने पांढरी अक्षरं लावली – टेगन व्हीलन. आडनावाखाली हवेचा एक बुडबुडा राहिला. त्याने खिशातून सुई काढली, हलकेच टोचली आणि अंगठ्याने हवा बाहेर दाबली. इतकं हळुवार, की टेगनच्या अंगावर उगीचच शहारा आला.

पर्थ, बेंडिगो, मध्ये एक वर्ष पोलंड... अशा किती दारांवर तिचं नाव लागलं आणि निघालं! टाळ्या सगळीकडे मिळाल्या. घरी आल्यावर "आलीस?" म्हणणारं मात्र कुठेच कोणी नव्हतं. इथेही तेच. दारावरच्या नावामुळे ती कुठे जाते, काय खाते, गावाला सगळं ठाऊक. तरी रविवारी ती समुद्राकाठी गाडी लावायची आणि काचा वर करून एकटीच तळलेले मासे नि चिप्स खायची.

एका रविवारी काचेवर टकटक झाली.

"गाडी दर रविवारी इथे दिसते, दार कधी उघडत नाही," आल्डो म्हणाला. "म्हटलं, जाम झालंय की काय."

"आणि झालं नसलं तर?"

"तर... चिप्स गार होतायत. मदत करतो."

ते रविवार तीन मोसम चालले. त्याच्या वडिलांची उसाची शेती, त्याची अर्धवट बांधलेली होडी, तिचे हुकलेले नेम – बोलायला काही उरलं नाही, एक गोष्ट सोडून. वर्षावर्षाच्या कराराने राहणाऱ्या बाईने जीव कशाला लावायचा, असं टेगन स्वतःला बजावायची. आणि जीव मात्र खुशाल लागून बसला होता.

तिसरा मोसम संपला. "आम्हाला तरुण मुली हव्यात," प्रशिक्षक म्हणाले. टेगन तेहतीस वर्षांची होती. थेट दक्षिण टोकाच्या होबार्टचा एक क्लब तिला एका वर्षासाठी घ्यायला तयार होता. त्यापुढे खेळता येणार नाही, हे गुडघ्यांनी कधीच सांगितलं होतं.

गाडी परत करायच्या दिवशी आल्डोने दारावर गरम हवा मारली आणि एकेक अक्षर सोलून काढलं. काढता काढता त्याचा हात थांबला. तीन वर्षांच्या उन्हाने दार विटलं होतं, पण अक्षरांखालचा रंग अजून लालभडक होता. नाव निघालं, तरी नाव तिथेच होतं!

"पॉलिश मारलं की जाईल," तो हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाला.

"मग मार."

"उद्या मारतो."

ती थांबली. "आल्डो... एकदा 'राहा' म्हण ना."

"एकच वर्ष उरलंय तुझ्या पायांत. तेही मी मागून घेऊ?" त्याने फडकं खिशात कोंबलं. "जा. खेळ."

तिला त्याचा भयंकर राग आला. विमानात ती खिडकीकडे तोंड करून रडली.

होबार्टला बोचरा वारा होता. गाडी निळी होती आणि सीट पुन्हा पुढे ओढलेली. दारावरच्या नावाखाली वाटाण्याएवढा बुडबुडा होता. सामने होत राहिले, टाळ्याही पडत राहिल्या. घरी दिवा लावणारी मात्र तीच. एका रविवारी नदीकाठी गाडीत बसल्या बसल्या तिला अगदी असह्य झालं. तिने फोन लावला.

"इथल्या माणसाने बुडबुडा ठेवलाय."

आल्डोने लगेच विचारलं, "सुई आहे?"

"आहे."

"मग टोच. हलक्या हाताने."

"नाही टोचणार मी."

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पॉलिश मारलंस?" तिने विचारलं.

"नवीन मुलीचं नाव छोटं आहे. तुझं मागून डोकावतं. रोज भांडते माझ्याशी, माझ्या दारावर ही कोण म्हणून... नाही मारलं. मारवत नाही, टेगन."

तिचे डोळे भरून आले. "मला एकटीने चिप्स खायचा कंटाळा आलाय रे."

"थंडी फार आहे का तिथे?"

"फार."

"मग स्वेटर घ्यायला हवा," आल्डो म्हणाला. "माझ्याकडे एकही नाही."