मधल्या टेकडीवरचा माणूस

निवृत्त कारकुनाकडे कोणी सल्ला मागायला आलं की त्याची छाती फुगते. माझी तर त्या सकाळी जरा जास्तच फुगली, कारण दारात साक्षात इंजिनिअर उभा होता. भूपेश त्याचं नाव. नागपूरचा, आणि वयानं माझ्या नोकरीहून लहान. आमच्या वीज कंपनीनं त्याला जंगलातल्या लाइनवर रेडिओचं जाळं उभारायला पाठवलं होतं. दूरदूरच्या खांबांवरचे स्विच, ज्यांचा दांडा ओढायला लाइनमनला चिखलातून सायकल ढकलत जावं लागे, ते आता उपकेंद्रातल्या पडद्यावरून बंद-चालू व्हायचे होते. प्रत्येक स्विचखाली एक पेटी, पेटीला छोटी अँटेना. एका पेटीनं ऐकायचं आणि पुढचीला सांगायचं.

"तुम्हाला इकडची सगळी गावं माहीत आहेत म्हणे," भूपेश म्हणाला.

मला ती प्रवासभत्त्याच्या बिलांवरून माहीत होती. पण हे मी त्याला सांगितलं नाही. जीपमध्ये बसायला मिळत होतं.

धान कापून झालं होतं. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांनी उडवलेली लाल धूळ रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर बसली होती. आमच्याबरोबर प्रवीण हा लाइनमन होता, त्याच लाइनवरच्या मोहटोला या वस्तीतला. उपकेंद्र आणि मोहटोला यांच्यामध्ये एक टेकडी आडवी येते. तिच्या पलीकडे रेडिओ पोचणार नाही म्हणून माथ्यावर मनोरा उभारायचा, असं भूपेशच्या नकाशात होतं. मनोऱ्याचं सामान कंपनीच्या परंपरेनुसार वाटेत कुठेतरी विश्रांती घेत होतं. तोवर पलीकडच्या पेट्या तरी बसवून ठेवू, म्हणून आम्ही त्या बसवल्या. आणि त्याच दुपारी त्या बोलू लागल्या.

भूपेशनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर अलीकडची पेटी होती, पलीकडची होती, आणि दोघींच्या मध्ये तिसरी एक होती. तिला नाव नव्हतं.

"ही कुणी बसवली?"

प्रवीण जीपला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्यानं टेकडीकडे पाहिलं आणि हात थांबवला.

"तिथी आमचे बाबा बसत होते, साहेब."

प्रवीणच्या बापाला, वारलूला, मी ओळखत होतो. मोबाइल नव्हते तेव्हा कंपनीनं लाइनमनना वायरलेसचे संच दिले होते, आणि तेव्हाही हीच टेकडी आडवी आली होती. उपाय म्हणून वारलूला माथ्यावर बसवलं. अलीकडचं ऐकायचं आणि पलीकडे शब्दन्‌शब्द सांगायचं, एवढंच त्याचं काम. माणूस योग्य निवडला गेला होता, हे आमच्या कार्यालयाच्या हातून चुकून घडलं असावं. हिवाळ्यात तो वडश्याच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर असे. दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्यापर्यंत पोचवणं त्याच्या अंगातच होतं. फक्त एक निरोप तो अडवून धरी. 'लाइन चालू करा' हा हुकूम आला की तो पुढे जात नसे. खांबावरचा माणूस स्वतःच्या तोंडानं 'मी खाली उतरलो' म्हणेपर्यंत तो गप्प राही. साहेब चिडत, शिव्या देत. वारलू त्या शिव्याही इमानानं पलीकडे पोचवी, पण हुकूम नाही. एका वळवाच्या पावसात, माथ्यावर संच कानाला लावून बसलेला असताना, त्याच्यावर वीज पडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकडी चढलो. वर मोहाचं झाड, त्याखाली बसून बसून गुळगुळीत झालेला एक दगड. पेटी नाही, तार नाही. सावलीतल्या त्या दगडावर मी हात ठेवला तर तो कोमट होता, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. बिडीचा वास येत होता. आमच्या तिघांत बिडी कोणी ओढत नव्हतं. भूपेशनं खिशातलं यंत्र चारी दिशांना फिरवलं, मग हळूच खिशात ठेवलं, आणि उतरताना तो आमच्या पुढे पुढे चालला.

जाळं उत्तम चालू लागलं. खोड एकच होती. 'बंद' चा हुकूम डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचे; 'चालू' चा कधीकधी मध्येच थांबून राही. प्रत्येक वेळी चौकशी केली की कळे, पलीकडे कोणीतरी अजून खांबावर होतं. भूपेश अहवालात 'विलंब' असं लिही. प्रवीण मात्र निर्धास्त झाला होता. खांबावर चढताना टेकडीकडे पाहून हात हलवी.

ही गोष्ट त्यानं घरी सांगितली, आणि त्याची आई सुगंधाबाई उपकेंद्रात आली. भूपेशशी न बोलता ती माझ्यापाशी येऊन बसली. नवऱ्याला थंडीपाण्यात तिथं बसवून ठेवलं आहे हे तिला सहन होत नव्हतं. तिच्या माहेरी रीत होती : बाहेर मेलेल्या माणसाला घरी आणायचं असेल तर त्या जागेचा खडा पदरात बांधून, मागं न पाहता, न बोलता घरी न्यायचा.

"आता मशीन आली ना बाबूजी," ती म्हणाली. "आता तं त्याहिले घरी येऊ द्या."

प्रवीण नको म्हणत होता. पण आईपुढे त्याचं चाललं नाही. भूपेशला तर बरंच वाटलं. नाव नसलेली पेटी वरिष्ठांना समजावून सांगणं त्याला जड जात होतं. मला त्या बाईची दया आली. दयेत कोणी पुढचा विचार करत नाही.

तिनं खडा आणला, घरात धान साठवायच्या ढोलीपाशी ठेवला. त्याच दिवशी पडद्यावरची तिसरी पेटी नाहीशी झाली. मग सामान आलं, मनोरा उभा राहिला, आणि 'चालू' चा हुकूमही क्षणात पोचू लागला. मोठे साहेब आले, समोसे खाल्ले, टाळ्या झाल्या.

उन्हाळ्यात वादळ झालं आणि मोहटोल्याच्या लाइनवर झाड पडलं. दोन टोकांना दोन टोळ्या कामाला लागल्या. एका टोळीचा फोन आला, आमचं काम झालं म्हणून. उपकेंद्रातल्या माणसाला वाटलं, सगळंच झालं. त्यानं बटण दाबलं. हुकूम कुठंही थांबला नाही. दुसऱ्या टोकाच्या खांबावर प्रवीण होता.

भूपेश नोकरी सोडून गेला.

पावसाळा सरता सरता मी सुगंधाबाईकडे गेलो. दिवेलागणीची वेळ होती. अख्ख्या टोल्यात बल्ब लागले होते आणि तिच्याच घरात कंदील होता. प्रवीण गेल्यापासून तिच्या घरात लाइट लागली नव्हती. कंपनीनं मीटर बदललं, वायर बदलली, शेवटी तक्रार बघणारा माणूसही बदलला. टेस्टर लावला की दारापर्यंत करंट दिसे. उंबऱ्याच्या आत काही नाही.

"करंट येते बाबूजी," ती म्हणाली. "तेच येऊ देत नाई..."

ढोलीपाशी अंधार होता. तिकडून बिडीचा वास येत होता.

"मीच आणली ना त्याहिले इथी. तिथीच बसले असते तं..." तिनं पदर तोंडाला लावला. "पोरगा उतरला म्हनून त्याहिले कोनी सांगत नाई. बसून हायेत वाट पाहात. माह्या तोंडून खोटं निघत नाई. तुमी सांगा."

न पाहिलेली कामं पूर्ण झाल्याचे दाखले मी नोकरीभर टाइप केले होते. आणखी एक. मी ढोलीकडे तोंड केलं.

"वारलू... प्रवीण खाली उतरला."

अंधारातून, स्वच्छ शब्दांत, माझंच वाक्य परत आलं. "प्रवीण खाली..." आणि तिथंच थांबलं.

मग टोल्यातले सगळे बल्ब गेले. लाइट गेली की पोरं ओरडतात, तीही ओरडली नाहीत. दारासमोरच्या खांबावरून आवाज येऊ लागला. कमरपट्ट्याची लोखंडी कडी खांबाला लागत लागत कोणी सावकाश उतरतं, तसा. टण... टण...

सुगंधाबाईनं कंदील उचलला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"ये बापा," ती हळूच म्हणाली. "पाय जपून ठेव..."

असा केवढा उंच असतो खांब? वात खाली गेली, तिनं वर केली. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर केली. कडीचा आवाज थांबला नाही. तो खालीच येत होता.