शेवटची फळी

मुकादमाचं डोकं मागून फोडलं होतं. एक नव्हे, पाच-सहा घाव. बास्केटबॉलसाठी नुकत्याच जोडलेल्या लाकडी मैदानावर तो पालथा पडला होता.

"सरळ प्रकरण आहे," निवृत्त हवालदार मान फिरवून म्हणाले. खासगी तपास करणाऱ्या बाईंचे ते जुने मदतनीस, आणि पकडलेला मुष्टियोद्धा त्यांचा सख्खा भाचा. सकाळी इथेच हरल्यावर, रिंगचे दोर ढिले बांधले म्हणून तो मुकादमावर धावून गेला होता. साडेचारला प्रेताजवळ सापडला तो रक्ताळलेल्या हातांनी. तासाभरापूर्वी हवालदारांनीच सामानाच्या खोलीत त्याला बडवून कबुली घेतली होती. घराण्याच्या तोंडाला काळं फासलं, या रागाने.

बाई वाकल्या. त्यांच्या पायाखाली एक फळी दबली. रक्ताचं थारोळं तिच्या सांध्यापाशी सुरीने कापल्यासारखं थांबलं होतं. फळी मात्र स्वच्छ.

"तिथवरच पोचलं असेल," हवालदार म्हणाले.

क्रीडागृहाचा व्यवस्थापक घाम पुसत आला. "आधी इथे घोड्यांचे खेळ व्हायचे, मग कुस्त्या, हिवाळ्यात बर्फावर घसरणं. चाळीस वर्षं दर खेळाची जमीन मुकादमानेच पास केली. त्याच्या होकाराशिवाय खेळाडू आत येत नाही."

"तुम्ही कुठे होतात?"

"दोनपासून तिकीटखिडकीवर. अख्खी रांग साक्षीला आहे."

फळ्या बसवणारा सुतार शांत होता. "माणसं तीनलाच सोडली. साडेतीनला शेवटची फळी मी बसवली, मुकादमाने मान डोलावली, मी घरी गेलो."

"दुसऱ्या कुणाला बसवता येते?"

"माझ्याशिवाय? कुणाच्या बापाला जमायचं नाही."

"आणि भाचा?"

"चारपर्यंत डॉक्टरकडे भुवई शिवून घेत होता," हवालदार पुटपुटले.

बाईंनी ती स्वच्छ फळी सुतारालाच पहारीने उचलायला लावली. खालच्या काँक्रीटवर रक्ताचे वाळलेले शिंतोडे होते.

"खून झाला तेव्हा ही जागा उघडी होती. फळी नंतर बसली, म्हणजे तुम्हीच बसवलीत, तुमच्याच तोंडून साडेतीनला. तोवर पोरगा टाके घालून घेत होता." त्यांनी फळीच्या पाठीत नख खुपसलं. लाकडाचा भुगा गळला. "मुकादम नाही म्हणाला ना?"

"सामना होऊ देणार नाही म्हणाला. कुजकं लाकूड जगाला दाखवीन म्हणाला."

सुताराने पहार बाईंवर उगारली. हवालदारांनी ती खांद्यावर झेलली, हाड मोडल्याचा आवाज झाला, तरी त्यांनी त्याला खाली दाबून धरलं.

भाचा सामानाच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचा एक डोळा माराने सुजून मिटला होता. साडेचारला तो मुकादमाची माफी मागायला आला होता, रक्त लागलं ते त्याला उचलताना.

"मी बडवत होतो तेव्हा एक हात तरी उगारायचास, गाढवा," हवालदार म्हणाले.

"मामावर?"

"मग कबूल तरी का केलंस?"

"तुम्ही थांबतच नव्हतात, मामा."