दरडोई

नागपुरात मे महिन्यात सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात. डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन चंद्रकलाबाई कामाला आल्या. पण झाडू न घेता त्या सरळ डॉ. मुकुंद खानझोड्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात एक कागद होता.

"भाऊ, हे वाचून सांगा बरं. चार दिवस झाले, दुपारची लाइनच बंद केली आमची. पोरगी बाळंतीण हाय घरी. कूलर चालत नाही, लेकरू नुसतं रडते."

कर्बगणना केंद्राचे पत्र होते. आपल्या मनगटावरचे कर्बकडे सलग वीस दिवस तांबडे असल्याने नियमानुसार घराची दुपारची वीज बंद करण्यात येत आहे.

"पण माझ्या हातचं त हिरवंच हाय," असे म्हणून बाईंनी मनगट पुढे केले. खानझोड्यांनी डावा हात टेबलाखाली घेतला. त्या हातावरचे कडे लालभडक होते.

पूर्वी प्रत्येक देश आपले पाप आपल्याच तराजूत तोलायचा आणि दुसऱ्याच्या तराजूला नावे ठेवायचा. ते भांडण मिटावे म्हणून ही कडी निघाली. घालणाऱ्यापायी दिवसभरात किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, मग तो विमानाचा असो, विजेचा असो की चुलीचा, ते कडे नोंदवायचे. घराच्या नेहमीच्या नोंदीच्या आत असले की ते हिरवे, वर गेले की तांबडे. देशोदेशी काही हजार माणसे निवडली होती. एक घर आणि त्या घरात राबणारे एक माणूस, अशा जोड्या होत्या.

खानझोडे सांख्यिकीचे पंडित आणि देशाच्या शिष्टमंडळाचे सल्लागार. 'दरडोई' हा त्यांचा लाडका शब्द. देशाचा एकूण धूर पाहू नका, माणशी किती येतो ते पाहा, हे त्यांनी गेली वीस वर्षे ठणकावून सांगितले होते, आणि ते खरेही होते. पंचाईत एवढीच, की जागतिक हवामान परिषदेत पडद्यावर प्रत्येक प्रतिनिधीच्या नावापुढे त्याचा स्वतःचा आकडा झळकणार होता, आणि खानझोड्यांचा आकडा जर्मन प्रतिनिधीच्याही वर होता.

म्हणून जाण्याआधी त्यांनी बाईंशी कडे बदलले. "दोन्ही सारखीच असतात," असे सांगितले. मनाचीही समजूत घातली, की एकाच देशाची दोन डोकी, इकडचा आकडा तिकडे गेला तरी बेरीज तीच आणि सरासरीही तीच. हिशेबात खरोखरच चूक नव्हती. कुणाच्या घरची वीज जाईल, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलेच नाही.

परिषदेत सर्वांत कमी आकडा त्यांचा निघाला. सभागृह उभे राहिले. कोटाच्या बाहीखालचे कडे सावरत त्यांनी टाळ्या घेतल्या, आणि परत आल्यावरही ते कडे बदलायचे आज-उद्यावर टाकत राहिले.

"आमी काय जास्त जाळलं का, भाऊ?" बाई विचारत होत्या. "कागद आला तवापासून मी संध्याकाळचा स्वयंपाकही बंद केला. सकाळचंच खातो."

खानझोड्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ओल्या बाळंतिणीच्या पानात शिळे अन्न पडत होते, तेही त्यांच्या नावाला टाळ्या मिळाव्यात म्हणून. त्यांनी केंद्राला फोन लावला आणि अडखळत सगळे सांगून टाकले.

पलीकडच्या अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "सर, वीज आज दुपारीच सुरू करतो. पण हे नोंदवलं तर आपल्या देशाची सगळी कडी फेरतपासणीला जातील. देशादेशांच्या या वर्षीच्या तुलनेतून आपलं नाव निघेल. बाहेरचे लोक तर टपूनच बसलेत. नोंदवू?"

"नोंदवा."

फोन ठेवून त्यांनी हात टेबलाखालून वर काढला. कडे उतरवून बाईंपुढे ठेवले. "बाई, तुमची काही चूक नाही. हे तुमचं कडं. यात जे दिसतं ते सगळं मी जाळलेलं आहे."

बाईंनी कडे उचलले. त्या रागावतील, निदान तोंड फिरवतील, असे त्यांना वाटले. तसे झाले असते तर बरे झाले असते. पण त्यांनी ते लाल कडे आपल्या हातातल्या हिरव्या कड्याशेजारी धरून पाहिले.

"एका माणसाले एवढं लागते काय, भाऊ?" त्यांनी विचारले.