झारुदच्या कड्याखालचा रस्ता

दौलतमीरनं पैज मारली होती ती सरोवराची नव्हे, वाटेची. कराकुल सरोवराकडे मुर्गाबवरून सरळ डांबरी सडक जाते. त्या सडकेनं पेंगत पेंगतही गाडी नेता येते. ताजिकिस्तानच्या राजधानीतल्या, दुशान्बेच्या एका पर्यटन कंपनीला तीच सडक पसंत होती. बारतांगचं खोरं म्हणजे दरडी, पूर आणि मोडके पूल, तेव्हा यंदापासून ते सहलींतून वगळायचं असं मालकानं ठरवून टाकलं होतं. दौलतमीर त्याच खोऱ्यातल्या झारुद गावचा. तो तडक कंपनीच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. एक सहल मला द्या, सोबत तुमचा माणूस द्या, जीप खोऱ्यातून कराकुलला पोचली तर खोरं ठेवा, नाही पोचली तर खुशाल काट मारा, असं त्यानं तोंडावर सांगितलं.

मालक हसला आणि कबूल झाला. हसायला कारण होतं. उन्हाळा ऐन भरात होता, वरचं बर्फ वितळत होतं आणि दुपार झाली की बारतांग नदी कुणाचं ऐकत नसे.

दौलतमीरला मात्र हसू येण्यासारखी गोष्ट नव्हती. झारुदची शेतं तळहाताएवढी. त्याच्या वयाचे बहुतेक पुरुष मॉस्कोला बांधकामावर. तोही ऐन तारुण्याची वर्षं तिथं सिमेंटची पोती वाहून आला होता आणि त्या कमाईतून त्यानं ही जुनी रशियन जीप घेतली होती. पाहुणे येऊ लागल्यापासून गावातल्या घरांत चार पैसे येत होते, म्हाताऱ्यांच्या जिवाला विरंगुळा होता. पाहुणे बंद झाले तर जीप विकायची आणि पुन्हा पोती उचलायला जायचं. दौलतमीरला त्याची भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा संताप जास्त येत होता.

बरोबर पाहुणे दोनच. हालिना आणि तिचा नवरा तादेउश, पोलंडचं साठी उलटलेलं जोडपं. हालिनाला शाळेत सक्तीनं शिकवलेली रशियन येत होती आणि ती सक्तीचा सूड घेतल्यासारखी अखंड बोलत असे. तादेउश तिच्या वाटचं गप्प राही. मागच्या बाकावर कंपनीचा माणूस फरहोद. शहरात वाढलेला, नीटनेटका, मांडीवर सॅटेलाइट फोन घेऊन बसलेला. दौलतमीर वयानं मोठा, म्हणून तो त्याला रीतीप्रमाणे ‘अको’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. पण प्रत्येक वळणावर त्याचा हात दाराच्या कडीकडे जाई. दौलतमीर त्याची चेष्टा करत असे, कडी निघून हातात आली तर भरून द्यावी लागेल म्हणे.

पहिल्या पुलावर निम्म्या फळ्याच नव्हत्या. मागच्या फळ्या काढायच्या, पुढे टाकायच्या, जीप हातभर सरकवायची, पुन्हा मागच्या काढायच्या! फटींतून खाली करडं पाणी धावताना दिसत होतं. दुसऱ्या दिवशी एक ओढा आडवा आला. तो उजाडताच, पाणी ओसरलेलं असताना ओलांडला, तरी बॉनेटवरून लाट गेली आणि फरहोदचे बूट भिजले. त्या संध्याकाळी शेकोटीशी बूट वाळवताना फरहोदनं प्रथमच मनातलं सांगितलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका वाटेवर कंपनीची गाडी नदीत गेली होती. मेलेल्यांच्या घरी फोन करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. एका बाईनं त्याला तीन-तीनदा विचारलं होतं, तुम्ही नक्की माझ्याच मुलाबद्दल बोलताय ना? दौलतमीरनं त्यानंतर कडीवरून चेष्टा केली नाही.

आणि मग, झारुद एका वळणापलीकडे राहिलं असताना, रस्ताच संपला.

डावीकडे सरळसोट कडा, उजवीकडे नदी, आणि मधला रस्ता नदीनं खालून कुरतडून नेलेला. दोन जिपा एकापुढे एक उभ्या राहतील एवढं खिंडार पडलं होतं. त्यात भुसभुशीत माती अजून घरंगळत होती. पलीकडे रस्ता जसाच्या तसा पुढे जात होता, अगदी चिडवल्यासारखा.

“अको, आता बास,” फरहोद म्हणाला. “मागं फिरवा.”

“फिरवायला जागा कुठाय? अन् असती तरी फिरवली नसती.”

फरहोदनं मालकाला फोन लावला. मालकानं दोन वाक्यांत हुकूम दिला, जीप मागे घ्या, सहल संपली. फोन दौलतमीरच्या हाती आला. “साहेब, आवाज तुटतोय,” असं म्हणून त्यानं तो बंद केला आणि फरहोदच्या खिशात परत खोचला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तेवढ्यात कड्यावरच्या शेळ्यांच्या वाटेनं एक बाई पाठीवर पहार घेऊन येताना दिसली. मागे सातआठ माणसं, बहुतेक म्हातारी, दोघीतिघी सुना. ती ओशुरमो, दौलतमीरची आत्या. सारं गाव तिला अम्मा म्हणे. तिनं भाच्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, पाहुण्यांपुढे छातीवर हात ठेवला, आणि सकाळपासून चहा तीनदा तापवला म्हणून भाच्याला फैलावर घेतलं. मग खिंडाराकडे पाहिलं.

“परवा गेला. वाट बघत होतो, तुझ्या बाजूनंही कुणीतरी यायला हवं होतं. चल, हशर करू.”

हशर म्हणजे गावानं एकत्र येऊन करायचं काम. कालवा, घर, रस्ता, जे अडलं असेल ते. झारुदला त्याचा एक जुना नियम आहे. ज्यानं हशरमध्ये दगड ठेवला त्याला त्या कामाबद्दल बोलायचा हक्क. ज्यानं ठेवला नाही त्यानं गप्प बसायचं, मग तो कुणीही असो.

खिंडार भरून काढणारी भिंत रचायचं काम लगेच सुरू झालं. मोठे दगड तळाला, त्यावर विलोच्या झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या, मोळ्यांवर पुन्हा दगड. तादेउशनं कोट काढला आणि बोलायला तोंड लागत नाही अशा कामाला तो खुशीत जुंपून गेला. हालिनानं दगड वाहता वाहता सगळ्या सुनांची नावं पाठ केली. फरहोद जीपमध्ये बसून राहिला. कंपनीनं थांबायला सांगितलंय, तो म्हणाला, मी यात नाही. कुणी त्याला आग्रह केला नाही.

दुपार टळली आणि नदी चढली. आधी नुसती खळखळ, मग घरघर, मग पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटल्याचे दणके! हात चालत होते, पाणी वर येत होतं. एक मोळी सुटली. तिच्यामागून एक दगड. मग सबंध कोपराच खचला आणि दिवसभराचं काम करड्या पाण्यात विरघळून गेलं. अम्मानं सगळ्यांना मागे ओढलं.

गावात जायला शेळ्यांचीच वाट होती. कमरेला दोर बांधून एकेकानं जायचं. हालिना तरातरा गेली. फरहोद सर्वांत शेवटी, कड्याला गाल चिकटवून, डोळे मिटून. अम्माच्या घरी जेवणासाठी दस्तरखान पसरला गेला तेव्हा दिवसभर हात न लावलेल्या या माणसाला काय वाढतात याची दौलतमीरला उत्सुकता होती. अम्मानं पहिली भाकरी मोडली आणि तिचा मोठा अर्धा फरहोदपुढे ठेवला. फरहोद ती बराच वेळ हातात धरून बसला, मग खाली मान घालून त्यानं ती खाल्ली.

सकाळी खिंडारापाशी उभी राहून अम्मा म्हणाली की नुसते दगड टिकायचे नाहीत; खाली लाकडाचा सांगाडा हवा. लांब, सरळ, जाड खोडं. झारुदमध्ये तसं लाकूड एकाच ठिकाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा जन्मला की बाप पाटाच्या कडेनं पॉप्लरची रांग लावतो. मुलगा वाढतो तशी रांग वाढते, आणि त्याच्या लग्नाच्या सुमारास त्याच खोडांचं त्याच्या घरावर छत होतं. मुलगे मॉस्कोला होते. रांगा उभ्या होत्या, वाट बघत.

दुसऱ्याची रांग मागणं झारुदमध्ये आजवर कुणी केलेलं नव्हतं. दौलतमीरनं ते केलंही नाही. तो सरळ पाटाकडे चालू लागला. बापानं लावलेली झाडं त्यानं घरासाठीच राखून ठेवली होती. मॉस्कोच्या खोलीत पोती वाहून आल्यावर तो याच खोडांचं छत मनात बांधत झोपी जायचा. त्यानं पहिल्या झाडाला कुऱ्हाड घातली, आणि दुसरा घाव पहिल्याहून जोरात, संतापानं घातला.

“घराचं काय रे?” अम्मानं विचारलं.

“गावात यायला रस्ताच नसेल, तर घर कशाला हवं?”

थोड्या वेळानं पलीकडून दुसऱ्या कुऱ्हाडीचा आवाज आला. ती आपल्या मुलाची रांग तोडत होती, जो मॉस्कोहून फोनसुद्धा कमीच करायचा. मग तिसरी कुऱ्हाड. मग खोडं ओढताना दोरावर एक जोडी नवे हात दिसले, शहरी, मऊ. फरहोद! दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांची सालटी निघाली होती आणि भिंतीत त्याचे दगड बसले होते.

खोडं एकमेकांवर आडवी-उभी रचून चौकटी केल्या, चौकटींत दगड ठासले. दुपारी नदी पुन्हा चढली. दणके सुरू झाले. सगळे कड्याला पाठ लावून बघत राहिले. भिंत हादरली, पाणी मधल्या खोडापर्यंत आलं, तिथं फुटलं, पुन्हा आलं, पुन्हा फुटलं. वरच्या खोडाला पाणी शिवलंच नाही. संध्याकाळी पाणी उतरायला लागलं तेव्हा एक म्हातारा भिंतीवर जाऊन बसला आणि नदीकडे बघून त्यानं तिला आईबहिणीवरून एक कचकचीत शिवी दिली. अम्मानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उजाडताच दौलतमीर पलीकडे जाऊन एकटाच जीपमध्ये बसला. दार नुसतं लोटून ठेवलं, उडी मारायची वेळ आली तर. चाकाखालचं काही त्याला दिसणार नव्हतं. पुढे उलटं चालत हातानं खुणा करायला कुणीतरी हवं होतं. फरहोद पुढे झाला.

“तू?” दौलतमीर म्हणाला.

“यंदा मला कुणाच्या घरी फोन करायचा नाही, अको. माझ्याकडे बघा, नदीकडे नको.”

पहिला गिअर. पुढची चाकं खोडांवर चढली. लाकूड करकरलं. डावीकडे, फरहोदचा हात सांगत होता, आणखी डावीकडे. आरसा कड्याला घासून फुटला. जीप मध्यावर आली. मागचं उजवं चाक खचलं! दोन दगड सुटून पाण्यात पडले. जीप नदीकडे कलली. फरहोदचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. तो हात जोरजोरानं बोलावत होता, ये, ये, थांबू नको! दौलतमीरनं दारातून उडी मारली नाही. त्यानं पाय दाबला. इंजिन किंचाळलं, चाक गरगरलं, पॉप्लरची साल सोलून उडाली आणि मग चाकाला खोड सापडलं. जीप उसळली आणि घट्ट जमिनीवर येऊन आदळली.

तादेउश त्या सहलीत पहिल्यांदाच मोठ्यानं काहीतरी बोलला. पोलिश होतं, पण म्हाताऱ्याच्या शिवीसारखंच वाटलं.

तिथून पुढचा प्रवास सोपा नव्हता, पण तो झाला. खोरं रुंद होत गेलं, झाडं संपली, वारा दात दाखवू लागला, खारींच्या जातीचे गुबगुबीत मार्मोट बिळांतून शिट्ट्या मारू लागले. शेवटची चढण संपली आणि समोर कराकुल पसरलं. गडद निळं, भोवती पांढरी शिखरं. हालिना चक्क गप्प झाली.

फरहोदनं फोन लावून कळवलं. मालक आश्चर्यानं खूष झाला. वा! रस्ता चालू आहे तर खोरं ठेवतो, म्हणाला. पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या स्वतःच्या गाड्या पाठवू. झारुदजवळ आपले तंबू ठोकू, परदेशी लोकांना घरांपेक्षा तंबूच बरे वाटतात. दौलतमीरला शाबासकी द्या, त्याची आता गरज नाही.

दौलतमीरनं सगळं ऐकलं होतं. त्यानं फोन मागून घेतला. जिंकलेली पैज त्याच्या हातात होती आणि तिला कुजका वास येत होता.

“तुमच्या गाड्या त्या भिंतीवरून जायच्या नाहीत. पाहुणे गावातल्या घरांत राहतील आणि जेवतील, तरच जातील.”

मालकानं त्याला आठवण करून दिली की रस्ता सरकारी आहे.

“सरकारी रस्ता होता तो नदीत गेला, साहेब. आता आहे तो आमचा. त्यात आमच्या पोरांची छपरं आहेत.”

मालकाचा आवाज चढला. फरहोदला फोन दे, तो म्हणाला, त्याला तरी अक्कल आहे. फरहोदनं फोन घेतला. तळव्यांवर चिंध्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे तो त्याला दोन्ही हातांनी धरावा लागला.

“माझेही दगड आहेत तिथं, साहेब,” तो म्हणाला. “मीही नाही म्हणतो.”

पलीकडून जे काही आलं ते त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मग फोन बंद करून सामानाच्या पेटीत टाकला. आपली नोकरी गेली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. हालिनानं विचारलं की मग आमची परतीची सहल कोण चालवणार. दौलतमीर म्हणाला, मीच, आणि यापुढच्याही. तिच्या गिर्यारोहण मंडळात पंधराएक जण तरी यायला तयार होतील असा हालिनाचा अंदाज होता, आणि त्यातले निम्मे तरी दगड उचलू शकतील असा तादेउशचा.

ठरल्याप्रमाणे परत जायचं होतं ते मुर्गाबच्या डांबरी सडकेनं. काही अंतर जीप त्या सडकेवरून मऊ मऊ धावली. मग उजवीकडे खोऱ्याची कच्ची वाट फुटली, आणि दौलतमीरनं पाहुण्यांकडे मागे वळून पाहिलं. तादेउशनं नुसतं बोट दाखवलं.

जीप उजवीकडे वळली आणि खडखडाट सुरू झाला.

“अको, भिंत वाहून गेली असेल तर?” फरहोदनं विचारलं.

“तर उतरायचं आणि पुन्हा बांधायची,” दौलतमीर म्हणाला. “कडीवरचा हात काढ आता. तो लागणारे.”